द्वारकाबाईंची पापणी

शाळेचा फोटो काढायचा असला की द्वारकाबाई मागच्या रांगेत उभ्या राहत, आणि फोटोवाल्याने 'रेडी' म्हटलं की नेमक्या खाली बघत. ठाण्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवायच्या. वय अठ्ठेचाळीस, लग्न झालेलं नाही, शिवणात हात धरणारं कुणी नाही. फक्त डोळ्यांखाली दोन फुगीर पिशव्या. "यांत टेंभी नाक्यावरून भाजी आणता येईल गं," असं त्या स्वतःच म्हणायच्या, म्हणजे दुसऱ्या कुणी म्हणायला नको.

काकडीच्या चकत्या झाल्या, बदामाचं तेल झालं. मग कुठूनसं कळलं, की लढाईत भाजलेल्या सैनिकांचे चेहरे नीट करणारे एक डॉक्टर मुंबईत आहेत. मी त्याच शाळेत नुकतीच नोकरीला लागले होते. "तू चल सोबत. पण शाळेत तोंड उघडशील तर बघ!"

डॉक्टर समजावू लागले: पापणीच्या केसांखाली बारीक छेद घ्यायचा, थोडी चरबी काढायची, सैल कातडी कापून शिवायची, नाहीतर आहे तसंच राहू द्यायचं. बाईंनी त्यांचीच परीक्षा घेतली.

"धागा कुठला?"

"बारीक रेशीम."

"आणि कातडी जास्त कापली गेली तर?"

"पापणी खाली ओढली जाईल. डोळा पुरता मिटणार नाही."

"मग कमीच कापा. उरलेलं कापड आत घेता येतं. माझं पोट या डोळ्यांवर आहे."

डॉक्टर हसले, पण कापलं बेतानेच. आत जाताना बाईंनी माझं मनगट असं आवळलं की दोन बांगड्या पिचल्या. म्हाताऱ्या आईला 'मुंबईत शिवणाचा वर्ग आहे' असं सांगून दिवाळीची सुट्टी त्यांनी माझ्या मावशीकडे काढली.

शाळा उघडली. कुणालाच काही कळलं नाही. मुख्याध्यापिका एवढंच म्हणाल्या, "सुट्टी मानवली हं तुम्हाला!"

"डोळा पणाला लावला मी, आणि श्रेय सुट्टीला!" बाई माझ्यापाशी धुसफुसल्या.

आईला मात्र कळलं होतं. ते त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी, आई गेल्यावर सांगितलं. कोपरीच्या घरी परतल्या त्याच दिवशी म्हातारीने त्यांचा चेहरा दाराच्या उजेडात धरला होता.

"हल्ली रडत नाहीस वाटतं, द्वारके?"

"मी कधी रडत होते?"

"ठरलेलं लग्न मोडल्यापासून. रोज सकाळी डोळे सुजलेले असायचे ना. विचारायचा धीर झाला नाही गं."

एवढं सांगून बाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"अगं, मी आपली घोरत होते. जागी ती होती."