बायकोला शिकवलेलं ‘गेट’

मुलीच्या बाळंतपणासाठी बायकोने कॅनडाला जायचं ठरलं, तेव्हा कुठे मी तिला इंग्रजी शिकवायला बसलो. हे लिहिताना लाज वाटते. दिवसा वसईच्या एका शाळेत आणि संध्याकाळी फुलपाड्यात, आमच्याच इमारतीखालच्या गाळ्यात, मी आयुष्यभर इंग्रजीच शिकवत आलोय. प्लंबरपासून नर्सिंगच्या मुलींपर्यंत किती जण त्या बाकांवर बसून गेले. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात मात्र तो क्लास कधी पोचला नाही. तिने मागितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मला सुट्टी मिळणार नव्हती, दहावीचे वर्ग माझ्याकडे होते. म्हणजे ती एकटी जाणार, वाटेत विमान बदलणार. तेव्हा मी क्लासमधली माझी नेहमीची युक्ती काढली. नवख्या माणसाला मी व्याकरण देत नाही, एकच क्रियापद देतो : गेट. त्याच्यापुढे विशेषण ठेवलं की माणसाची अवस्था बदलते, नाम ठेवलं की त्याला काहीतरी मिळतं. गेट टायर्ड, गेट वेट, गेट रेडी. गेट अ टॅक्सी, गेट अ जॉब. गाळ्यात मुलं या जोड्या पाढ्यांसारख्या एका सुरात म्हणतात, आणि बाहेरून जाणारी रिक्षावाली पोरं त्यांची नक्कल करतात.

ती ओट्यापाशी नारळ खवत ऐकत होती.

“म्हणजे हे वाटण आहे,” ती म्हणाली. “मटकीत घाला, अंड्यात घाला, दर वेळी चव वेगळी.”

“हो, पण कशातही नाही घालता येत.”

“मग वाटण कसलं?” आणि तिने लगेच घालून बघायला सुरुवात केली. “गेट हंग्री?”

“बरोबर.”

“गेट ओल्ड?”

“बरोबर.”

“गेट डेड?”

“नाही, असं नाही म्हणत.”

“मेल्यावर कोण इंग्रजी बोलायला जातंय? चालेल.” मग थांबून म्हणाली, “गेट अ कोल्ड आणि गेट मॅरिड. सर्दीलाही तेच, लग्नालाही तेच. शहाणे आहेत हो हे लोक.”

रोज जेवणं झाली की मी चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन इमिग्रेशनचा अधिकारी व्हायचो. परदेशी निघालेल्या आईबापांची अशी तालीम आमच्या इमारतीत घरोघरी होते. “हाऊ लाँग विल यू स्टे?” मी दरडावायचो. ती पदर सावरून म्हणायची, “अंटिल माय डॉटर गेट्स बेटर.” मला तिचा इतका अभिमान वाटायचा की अधिकारी असल्याचं विसरून मी हसायचो.

आज आठवून पाहतो तर मी तिला निवडून भीतीच्याच जोड्या दिल्या होत्या. गेट लॉस्ट, गेट सिक, गेट हर्ट, गेट हेल्प. एकदा ती वैतागली. “मास्तर, तिकडे काही चांगलं घडतच नाही का?”

ती गेली. नात झाली. माझ्या वाट्याला शाळा, क्लास आणि रिकामा फ्लॅट आला. क्लास चालू असताना ती चहाचा थर्मास पिशवीत घालून दोरीने खिडकीतून खाली सोडायची. मुलं म्हणायची, सर, लिफ्ट आली. आता ती दोरी ग्रिलला बांधलेली असते आणि चहा मी कोपऱ्यावरच्या टपरीवरून मागवतो. रविवारी गिरीज गावची भाजीवाली विचारते, मॅडम कधी येणार? मी सांगतो, येईल आता. कोथिंबीर मात्र अजून दोघांचीच घेतो आणि ती फ्रिजमध्ये काळी पडते.

रोज फोन व्हायचा. नातीची चौकशी झाली की मी विचारायचो, “करमतंय का?”

“नाही हो करमत,” ती म्हणायची. “खिडकीबाहेर नुसतं पांढरं. माणूस दिसत नाही.”

मी तिला धीर द्यायचो. आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटायचं. तिला तिथे करमू नये, असं मला मनातून वाटत होतं. तिने निभावून न्यावं म्हणून शिकवलं मी, आणि तिने निभावून नेलं की काळजात बारीक दुखायचं मला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

हळूहळू तिच्या बोलण्यात एक चिनी आजी येऊ लागल्या. त्या नातवाला घेऊन लायब्ररीत येतात, हीही नातीला घेऊन बसने जाते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, इंग्रजी दोघींचं बेताचं. “त्यांनाही गेटच येतं बरं का,” ती खुशीत सांगत होती. “शी गॉट अ न्यू नी, सो शी गेट्स टायर्ड. गुडघा बदललाय त्यांचा, मला सगळं कळतं.” मी हसलो आणि सवयीने विचारलं, “करमतंय का?”

“आता काय,” ती सहज म्हणाली, “आय गॉट यूज्ड टू इट.”

सवय होण्याची ही जोडी मी दिली नव्हती. माझ्या क्लासमध्ये ती फार उशिरा येते.

“हे कुणी शिकवलं?”

“आजींनी. का हो, चुकलं?”

“नाही,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. तिची रजा संपत होती, बाळाला पाळणाघर मिळत नव्हतं. “बाबा, आईला अजून सहा महिने ठेवू का? परवानगी वाढवून मिळते. पण आई म्हणते, आधी बाबांना विचार. तुम्ही नाही म्हणालात तर तिकीट आहे तसंच राहील.”

एक ‘नाही’ म्हटलं की पुढच्या महिन्यात ती घरी असती. मी म्हटलं, आईला दे.

“तुला काय वाटतं?” मी विचारलं.

“तुम्ही सांगा ना.”

“मला तू इथे हवी आहेस.”

पलीकडे नातीचं रडणं ऐकू येत होतं. मग दार लागल्याचा आवाज झाला आणि रडणं थांबलं.

“हे बरं आज सुचलं,” ती म्हणाली. “इतकी वर्षं वर-खाली राहत होतो तेव्हा नाही ते.”

मी ग्रिलला बांधलेल्या दोरीची गाठ चाचपत राहिलो.

“अहो, ऐका. पोरीची अडचण आहेच. पण ती नसती तरी मला राहायचंय. इथे मी एकटी बसमध्ये चढते. ड्रायव्हर मला गुड मॉर्निंग म्हणतो, मला. मास्तरांची बायको म्हणून नाही. अजून थोडे दिवस मला असं फिरू द्या.”

“राहा,” मी म्हणालो.

“रागावून?”

“नाही.” मग खोटं बोलवेना. “थोडा रागावून.”

ती हसली. त्या हसण्याने मला आणखीच एकटं वाटलं, तरी ते थांबू नये असंही वाटलं.

मी तिच्याकडे एकच मागणं मागितलं. सकाळी बसला निघालीस की फोन लाव, बोलू नकोस, नुसता खिशात ठेव. तिला ते वेडेपणाचं वाटलं, पण ती तसं करते. तिची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ, क्लास भरायच्या आधीची. बर्फावर तिच्या बुटांची करकर ऐकू येते, बाबागाडीचं चाक कुरकुरतं. बसचं दार उघडतं. ती ड्रायव्हरला काहीतरी म्हणते आणि तो मोठ्याने हसतो. ती काय म्हणाली ते मला कधीच नीट ऐकू येत नाही. मुलं गाळ्यात येऊन बसायला लागतात. मी फोन कानाला तसाच धरून त्यांना हाताने थांबायची खूण करतो.