बैलाची माती

माझी नात कझाकस्तानात डॉक्टरकी शिकते. तिचे आबा, म्हणजे माझा नवरा, गेले तेव्हा तिची परीक्षा चालू होती. यायला जमले नाही. आम्ही तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि दहाव्याला जीवखडा पूर्णेत सोडला. मेलेल्याच्या नावाने दहा दिवस जपलेला दगड तो. तोही सोडला की संपले. मी चौथी शिकलेली, पण संपलेले उकरू नये एवढे कळते.

पोरगी मात्र उकरत राहिली. परवा दुपारी तिने फोनवर मोकळे रान दाखवले. झाड नाही, बांध नाही, नुसते गवत. मध्ये मातीचा मोठा ढीग. त्याच्यापुढे दगडाची बाई, दोन्ही हातांनी पोटाशी वाटी धरलेली.

“आजी, हे इथल्या जुन्या किपचाक लोकायचं हाय. आठ-नऊशे वर्सं झाले. मानूस पुरत, त्याच्यासंगं त्याचा घोडा पुरत, अन् वरून ढीग रचत.”

“घोड्यानं काय पाप केलं होतं वं?”

ती हसली नाही. “आपल्याजवळ आबाचं काय हाय? मले पाह्यचं हाय.”

काय दाखवू? मग बैल आठवला.

आमचा पांढरा बैल म्हातारा होऊन मेला, तेव्हा यांनी त्याला वावरातच पुरले. वडनेरच्या बाजारातून मिठाचे पोते आणून खड्ड्यात ओतले. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले. पुढे वखराला जो दगड लागे, तो हे तिथे नेऊन टाकत. पोळ्याला पहिली पुरणपोळी तिथे, मग गोठ्यात. मी म्हणे, “जित्याले थांबवा अन् मेल्याले जेवू घाला.” हे म्हणत, “तुले नाही समजत.” आता टोमणा मारावा असे माणूस घरात नाही.

तो ढीग माझ्या पोराच्या ट्रॅक्टरला आडवा येतो. सोमवारी जेसीबी लावून काढायचा ठरला होता. मीच हो म्हटले होते.

फोन धरून वावरात गेले. “पाह्य. यातला एकूण एक दगड तुह्या आबानं वाह्यला. खाली बैल हाय. घोडा नव्हता आपल्याजवळ.”

“जवळून दाखव, आजी.”

कंबर धरून वाकले. एकेका दगडावरून फोन फिरवला. ती म्हणाली, “मी आली का मीही एक टाकीन.”

संध्याकाळी पोराला म्हटले, “जेसीबीले नाही म्हन. ट्रॅक्टर वळसा घालून ने.”

“काऊन, माय? तूच तं हाव म्हनली होती.”

“म्हनली होती. पोरगी सुट्टीत येऊन राह्यली. तिचा दगड टाकाचा राह्यला हाय.”