तलासरीच्या शाळेतल्या दुसऱ्या मॅडम

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. खगोलशास्त्रात पीएचडी आहे माझी. घरी पेपर आला की राशिभविष्याच्या पानावर मी भजी निथळायला ठेवते आणि आई दर वेळी चिडते. या ग्रुपवरचे अनुभवही मी आजवर हसतच वाचत आले. तरी आज लिहायला बसलेय... कारण हे घरात कोणाला सांगण्याची सोय नाही.

पुण्यात आम्ही चौघं पीएचडीला एकाच गाईडकडे होतो. लोकांना वाटतं, ताऱ्यांचा अभ्यास केला की माणूस जन्मभर दुर्बिणीला डोळा लावून बसतो. प्रत्यक्षात आमच्यातला एक बंगलोरला बँकेसाठी डेटा सायन्स करतो. दुसरा तिसऱ्या पोस्टडॉकवर आहे — म्हणजे पीएचडीनंतरची कंत्राटी संशोधकाची नोकरी, दर वेळी नवा देश, नवी भाड्याची खोली. मी वाणगावला घरी परत आले आणि आता डहाणूच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. आणि अनघा जर्मनीत आहे.

अनघा माझी रूममेट. तिचं नाव निघालं की अजून पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू? तिथल्या जागेसाठी दोघींनी अर्ज केला होता, मिळाली तिला. तिचा पेपर छापून आला की मी "अभिनंदन गं!" लिहून भरपूर बदाम पाठवते आणि मग दिवसभर घरात सगळ्यांवर खेकसते.

माझं म्हणून एकच काय ते उरलं होतं. कॉलेजला सुट्टी असली की स्कूटीवर छोटी दुर्बीण बांधायची, आसपासच्या शाळांत जायचं आणि मुलांना सूर्य दाखवायचा. मुलं "मॅडम आल्या, मॅडम आल्या" करत फाटकापर्यंत धावत येतात. हे अनघाकडे नव्हतं, आणि त्याचं मला फार बरं वाटायचं.

तर गेल्या जानेवारीत मी तलासरीजवळच्या एका आश्रमशाळेत गेले होते. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट बघायचं नसतं, डोळा जातो. म्हणून आम्ही मागच्या भिंगातून येणारा प्रकाश पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडतो. बशीएवढा सूर्य उमटतो, डागांसकट. निम्म्या मुलांचं बघून झालं आणि जेवणाची सुट्टी झाली. दुर्बीण सोडून जाताना मी नेहमीप्रमाणे पुढे झाकण घट्ट लावलं आणि मागचं भिंग काढून पर्समध्ये टाकलं. मग कोणी हात लावला तरी आतून उजेडाचा ठिपकासुद्धा येत नाही. हे इतकं अंगवळणी पडलंय की झोपेतही करेन.

मी व्हरांड्यात जेवायला बसले. तिथे स्वयंपाक करणाऱ्या जानीबाय भात वाढता वाढता म्हणाल्या, "ती दुसरी बाय नाय जेवाची? तिला पन बोलव ना."

"कोण दुसरी? मी एकटीच आलेय."

"ती काय, पोरांना दाखवते ती. बारीक केसांची."

मी मैदानाकडे बघितलं. मुलं दुर्बिणीपुढे शिस्तीत रांग लावून उभी होती. पुढचं मूल तळहात पुढे करायचं, हाताकडे बघून हसायचं आणि बाजूला व्हायचं. मग पुढचं. दुर्बिणीपाशी मोठं माणूस कोणीच नव्हतं... निदान मला तरी दिसत नव्हतं.

हात न धुताच मी धावले. झाकण होतं तसंच घट्ट. भिंग माझ्या पर्समध्ये.

"काय चाललंय रे?"

"सूर्य घेतो," सहावीतली एक मुलगी म्हणाली. "मॅडमनी हातावर ठेवला. चटका नाय लागत."

"कुठल्या मॅडमनी?"

"दुसऱ्या. चष्मा डोक्यावर ठेवतात त्या. डावऱ्या हातानं दुर्बीण फिरवतात." आणि वर मला समजावल्यासारखं, "त्या बोलल्या, पुठ्ठ्यावर काय बघायचं, हातावर घ्या."

पुण्यात आमच्या संस्थेच्या गच्चीवर शाळेची मुलं यायची, तेव्हा अनघा हेच करायची. डावखुरी, बारीक केस कापलेली, चष्मा डोक्यावर ढकललेली अनघा मुलांच्या तळहातावर सूर्य ठेवायची. गाईड ओरडायचे, पण गर्दी तिच्याभोवतीच. माझा पुठ्ठा ओस पडलेला असायचा.

"त्या मॅडम खूप छान दाखवतात," मुलगी म्हणाली.

अशा वेळी भीती वाटायला हवी ना? मला राग आला. जर्मनी घेतली, नाव घेतलं, आता तलासरीतही हिचंच कौतुक? डोळ्यांत पाणी यायची वेळ आली, इतका राग. आणि मग एकदम लक्षात आलं... शेवटच्या घटकेला माणूस असं दुसरीकडे दिसतं म्हणतात. फाटकाशी जाऊन मी तिला फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली.

"अगं, मी तुलाच फोन करणार होते!"

जिवंत होती. आणि पर्मनंट झाली होती, आदल्याच संध्याकाळी कळलं होतं. मला रडू फुटलं. मी आनंदाने रडतेय असं तिला वाटलं. थोडं तसंही होतं.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मला तुझा हेवा वाटतो. मी इथे दिवसभर स्क्रीनवर आकडे बघते गं. कोणाला सूर्य दाखवून किती वर्षं झाली! तू अजून पुठ्ठ्यावरच दाखवतेस का? हातावर ठेव त्यांच्या."

झालेलं तिला सांगितलं असतं तर ती हरखून गेली असती, म्हणून नाही सांगितलं.

मी खूप विचार केला. मुलांनी मिळून गंमत केली? पण हातावर सूर्य घेता येतो हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. बरं, जानीबायना कोणी पढवलं? तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा.

उत्तर मिळवायचा एक मार्ग आहे म्हणा. अनघा या डिसेंबरात येतेय. "मला एक दिवस तुझ्या तलासरीच्या शाळेत ने," असं तिनेच लिहिलंय. तिला मुलांसमोर उभं केलं की मुलं ओळखतात की नाही, ते लगेच कळेल.

मी तिला कळवलं, डिसेंबरभर शाळा बंद असते.