धुराड्यात बसलेला ड्रोन

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. धुराड्यात काजळी साचते तसे ते आपोआप साचतात आणि चार जण चहाला बसले की खरवडून निघतात. आमचा धंदाच तसला आहे. कारखान्याची धुराडी, राख साठवायच्या टाक्या, वीज केंद्रात पाणी थंड करायचे भलेमोठे मनोरे, असल्या काँक्रीटच्या पोटात आम्ही ड्रोन उडवतो. कुठं तडा गेलाय, कुठं सळई उघडी पडलीय, त्याचा व्हिडिओ काढून देतो.

आम्ही म्हणजे तिघं. ड्रोन उडवणारे दिगाअण्णा, चौसाळ्याचे. आधी लग्नाचं शूटिंग करायचे. महादू, शिरूर कासारचा. आधी तो हेच काम धुराड्याच्या आत दोरावर लटकून करायचा. आणि मी, बीडचा. कॉम्प्युटरवर रिपोर्ट बनवतो आणि उरलेल्या वेळात बॅगा उचलतो.

महादू एकदा दोरावरून खाली आला तो पाय मोडूनच. तेव्हा त्याच्या बायकोनं, सुशीलावहिनींनी, त्याला लिंबागणेशला नेऊन गणपतीपुढं उभं केलं आणि 'परत आत उतरणार नाही' अशी शपथ घ्यायला सांगितली. यानं हात जोडले, डोळे मिटले आणि तोंडातून शब्द काढला नाही. देवाला चाललं असेल, वहिनींना नाही चाललं.

अण्णांनी ड्रोन घेतला आणि महादूला सोबत घेतलं, ते यानंतरच. पहिल्या दिवशीच वहिनींनी अण्णांना बजावलं होतं, "भाऊजी, तुमचं ते भिंगरं आत ऱ्हायलं तर ऱ्हाऊ द्या. माझा मानूस आत जाता कामा नये."

*

पहिलं काम एका बंद कारखान्याच्या धुराड्याचं. उडवणं झकास झालं. व्हिडिओ अण्णांनी स्वतः रात्रभर बसून एडिट केला, आणि तिथंच घात झाला. हाताला सवय लग्नाची! धुराड्याच्या तोंडातून ड्रोन आत शिरतो तेव्हा सनई. विटा दिसायला लागल्या की वरून गुलाबाच्या पाकळ्या. सगळ्यात मोठी भेग आली तिथं स्लो मोशन, आणि शेवटी ती भेग बदामाच्या आकारात गोठवलेली.

कारखान्याच्या इंजिनिअर साहेबांनी ते सगळं शेवटपर्यंत पाहिलं. मग चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारलं, "मुलगी कोणत्या गावची?"

*

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. अण्णांच्या आईनं ड्रोनलाही हळद-कुंकू वाहिलं. चार पंख्यांना चार बोटं, आणि मधे डोळ्यासारखं काहीतरी दिसलं म्हणून त्यालाही एक बोट. तो कॅमेरा होता.

त्यानंतरच्या कामात एका टाकीच्या आतल्या बाजूला, वरपासून खालपर्यंत, तांबूस डाग. मी रिपोर्टमध्ये ठोकून दिलं, की सळया गंजून गंज बाहेर झिरपतोय, परिस्थिती गंभीर. झालं! मालक घाबरला. पुण्याहून तज्ज्ञ आले, हेल्मेट घालून टाकीभोवती दोन चकरा मारून आले, व्हिडिओ पाहिला आणि अण्णांना म्हणाले, जरा ड्रोन दुसऱ्या भिंतीकडे फिरवा. फिरवला. डागही फिरला.

तज्ज्ञांनी रुमालानं कॅमेऱ्याची काच पुसली, बोट नाकाला लावून पाहिलं आणि माझ्याकडे बघत राहिले. ही हकीकत घरी सांगितली तर अण्णांची आई उलट आमच्यावरच चिडली. म्हणाली, "कुंकूच लावलंय न्हवं? डांबर तर न्हाई फासलं!"

*

काँक्रीटच्या आत सळयांचं एवढं जाळं असतं की ड्रोनचं होकायंत्र भंजाळून जातं. वर आभाळ दिसत नाही, त्यामुळं सॅटेलाइटचाही पत्ता नाही. आपण नेमके कुठं आहोत हे ड्रोनला कळत नाही आणि तो मनाला येईल ते दाखवतो.

एकदा ऐन कामात मालकाचा फोन आला, ड्रोन कुठवर पोचला म्हणून. अण्णांनी स्क्रीनवरचा नकाशा बघितला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "सध्या आष्टीत हाय साहेब. निघंल आता."

*

राखेच्या टाकीत ड्रोन खाली आणायचा नसतो. का, ते आम्हाला आणल्यावर कळलं. पंख्यांच्या वाऱ्यानं तळातली सगळी राख उठली. स्क्रीन पांढरी फटक, ड्रोन आंधळा. तो भिंतीला धडका घेत कसाबसा खालच्या झडपेतून बाहेर आला आणि त्याच्यामागं राखेचा लोट. झडपेच्या तोंडाशी आम्ही तिघं.

अंघोळीला पाणी मिळेना. तसेच गाडीत बसलो आणि वाटेत हायवेवर चहाला उतरलो. अंगभर राख, डोळे लाल. हॉटेलातली गर्दी आपोआप बाजूला झाली. एक म्हातारी पुढं आली, अण्णांच्या पाया पडली आणि पोराचं लगीन कवा जमंल म्हणून विचारायला लागली.

अण्णांनी डोळे मिटले. हात वर केला. "जमंल माय, ह्याच साली जमंल. पन शूटिंग आपल्याकडंच द्यायचं."

*

आता मनोऱ्याचा किस्सा. तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळं घडलं.

ड्रोनला एक सोय असते. सिग्नल तुटला की तो जिथून उडाला तिथं आपला आपण परत येतो. वीज केंद्रातल्या बंद मनोऱ्याच्या आत वरच्या कडेला आग्या मोहोळ होतं. अण्णांना वाटलं काळा डाग आहे, जरा जवळून घेऊ. पंख्याचा वारा लागला आणि मोहोळ उठलं. अण्णांच्या हातातला रिमोट खाली पडला, बॅटरीचं झाकण उघडलं, सिग्नल तुटला. ड्रोन बिचारा आज्ञाधारक. वळला आणि सरळ घरी आला. घर म्हणजे अण्णांच्या पायाशी. आणि त्याच्यामागं सगळं मोहोळ.

महादू मोडक्या पायानं सगळ्यांच्या पुढं पळाला. मी एका पाइपात घुसलो. अण्णांचं तोंड एवढं सुजलं की घरी कुत्रं भुंकलं. चार दिवसांनी बोलता यायला लागल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर ती घरी यायची सोय बंद केली. त्याऐवजी ड्रोनला सांगून ठेवलं की सिग्नल तुटला तर बाबा, घरी येऊ नको, दिसेल त्या जागेवर बस. आम्हीही खूश झालो. मधमाश्या सोडून दुसरा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता.

*

मग आला साखर कारखाना. हंगाम तोंडावर. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा मुहूर्त, चेअरमन जोडीनं पूजेला बसणार, मांडव पडलेला. त्याआधी धुराडं आतून एकदा बघून द्यायचं होतं.

धुराड्यात विटांचं अस्तर असतं आणि त्याला आधार म्हणून मधे मधे काँक्रीटची कड काढलेली असते. ड्रोन अर्ध्यावर गेला आणि सिग्नल तुटला. त्याला शिकवलं होतं तसं त्यानं केलं. जागा शोधली आणि कडेवर बसला. सिग्नल परत आला तोवर पंखे काजळीत रुतले होते. जाम. फक्त कॅमेरा चालू होता आणि खाली स्क्रीनवर आम्हाला समोरची भिंत दिसत होती.

अण्णांचं तोंड उतरलं. मी बंबाच्या शिडीपासून पतंगाच्या मांज्यापर्यंत सगळं सुचवून झालं. तिथले इंजिनिअर म्हणाले, मुहूर्त पुढं जाणार नाही. आणि एवढ्यात मागं पाहिलं तर महादू गाडीतून जुना दोर काढून कमरेला पट्टा बांधत होता.

मी म्हणालो, "महादू, वहिनी काय म्हणतील?"

"तिला कोन सांगतंय? वरून सुटतो, उचलतो, येतो. गोळी सुटल्यावानी काम हाय."

खरं सांगतो, त्याच्या तोंडावर भीती नव्हती. उलट कित्येक महिन्यांनी पोरगं खेळायला निघाल्यासारखा दिसत होता. अण्णा मात्र स्क्रीनसमोर बसून राहिले. ड्रोनवर त्यांचा जीव, हे काय मला नवीन नव्हतं.

तेवढ्यात स्क्रीनवर काहीतरी हललं. समोरच्या भिंतीतून विटांचा एक अख्खा पापुद्रा सुटला आणि कॅमेऱ्यासमोरून खाली गेला. मागाहून आवाज आला. धुराड्याच्या बुडातल्या दारातून धुळीचा ढग बाहेर पडला. महादूचा दोर सुटणार होता तो नेमका त्याच वाटेनं.

अण्णा उठले. महादूच्या हातातला दोर ओढून घेतला, जमिनीवर वेटोळं केलं आणि त्यावर मांडी घालून बसले.

"ड्रोन कुनाचा हाय बे? माझा. मी म्हनतो, गेला तर गेला."

महादूनं खूप हुज्जत घातली. अण्णा उठले नाहीत. जेवणही त्यांनी दोरावर बसूनच केलं. पडलेल्या विटा इंजिनिअरांनीही पाहिल्या, त्यांनी वरिष्ठांना कळवलं, वरिष्ठ म्हणाले हंगामानंतर बघू. सकाळी मंत्र झाले, नारळ फुटला, चेअरमननी अग्नी दिला आणि धुराड्यातून धूर निघाला. अण्णांनी टोपी काढून हातात धरली. एवढ्या थाटात तालुक्यात कुणालाच अग्नी मिळाला नसेल!

पण महादूचं काही केल्या जाईना. मला उतरू दिलं असतं तर काढला असता, हेच पालुपद. पुढच्या बारीला कुणाचं ऐकणार न्हाई, असंही एकदा वहिनींच्या देखत बोलून गेला.

वहिनींनी ऐकून घेतलं. अण्णांना निरोप धाडला, की ज्यानं माझ्या माणसाच्या वाट्याचं मरण घेतलं त्याचा दहावा करायचा.

आधी आम्ही हसलो. मग गेलो. सिंदफणेच्या काठाला दगडावर ड्रोनची रिकामी पेटी, तिला हार. भटजींना बोलवायची हिंमत कुणाची झाली नाही. वहिनींनी भाताचा पिंड ठेवला, वर दही घातलं आणि आम्ही लांब होऊन बसलो.

कावळा आला. बाभळीवर बसला. पिंडाकडे बघायला तयार नाही.

अण्णा हात जोडून म्हणाले, नवा घेऊ, तुझ्यापेक्षा भारी घेऊ. कावळा ढिम्म. मी म्हणालो, कुंकवाच्या रिपोर्टबद्दल मालकाची माफी मागतो. कावळ्यानं चोच पुसली. अण्णा म्हणाले, ती घरी यायची सोय परत चालू करतो, मग माशा येवोत न्हाई तर वाघ. कावळ्यानं आमच्याकडं पाठ केली.

ऊन चढलं. बोलायचं राहिलेला एकच माणूस होता, आणि तो नदीकडं बघत बसला होता. वहिनींनी नुसता पदर डोक्यावरून घेतला.

शेवटी महादू खालच्या आवाजात म्हणाला, "मी परत आत उतरनार न्हाई."

"कशाच्या?" वहिनींनी विचारलं.

"कुठल्याबी धुराड्याच्या. टाकीच्या. कशाच्याच न्हाई."

कावळा उतरला, घास उचलला आणि उडाला.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि अण्णांकडं वळल्या. "भाऊजी, आता आना नवा."