भावाच्या मापाचे पट्टे

सोलापुरात दर रविवारी संध्याकाळी अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे दहा-बारा जण एका शाळेच्या हॉलमध्ये जमतात. त्यांच्यातल्या एका गृहस्थांचं नाव मी अजून विचारलेलं नाही. ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्त करतात, म्हणून सगळे त्यांना जॉबर म्हणतात. मागांच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येतं. वाजवताना ते हनुवटी वाद्यावर टेकवतात. सूर हाडातून कळतो म्हणे.

भाऊ गेल्यावर त्याचं अ‍ॅकॉर्डियन या मंडळींना द्यायचं म्हणून मी घेऊन गेलो, पण तिथं ‘भावाचं आहे’ एवढंच सांगितलं. नुसतं मांडीवर धरून बसलो. जॉबरांनी ते हळूच उचललं, खांद्यांत अडकवलं आणि वाजवायला लागले. भाऊ चांगला उंच होता. पट्टे त्यांना फारच सैल पडत होते आणि हनुवटी टेकवायला ते अगदी दुमडून बसले होते.

"ओ जॉबर, पट्टे आवळा की. लोटांगण घालताय व्हय?" शेजारच्या बाई म्हणाल्या.

"माप ह्यांच्या भावाचं हाय, बाई. हे अजून देतो म्हनलं न्हाईत."

जॉबरांनी तसंच वाकून सगळं गाणं वाजवलं. मग कंबर चोळत वाद्य माझ्यापुढं धरलं.

"भाता लई चांगला हाय. घरी न्या की, कुनी काय म्हनत न्हाय."

मी ते पुन्हा त्यांच्या खांद्यांत अडकवलं आणि दोन्ही पट्टे तीन-तीन भोकं आवळले.