उलट्या छपराचं वाचनालय

इमारत म्हणजे नुसता चुना-सिमेंटचा ढीग नसतो. एका पिढीने पुढच्या पिढ्यांच्या हाती दिलेला तो ठेवा असतो. हे वाक्य माझंच आहे. नव्वदच्या आसपास नगरपालिकेला द्यायच्या निवेदनासाठी मी ते लिहिलं होतं. तो ठेवा दर पावसाळ्यात मासिकांच्या टेबलावर गळत असे, हे मात्र मी लिहिलं नाही.

आमचं गाव धुळे आणि जळगावच्या मध्ये, दोन्हींकडून सारखंच दुर्लक्षित. त्यामुळे साठच्या दशकात मुंबईच्या एका तरुण आर्किटेक्टने आमच्या वाचनालयाची इमारत आखली, याचंच लोकांना नवल. गिलावा न केलेल्या काँक्रीटच्या भिंती, खिडक्यांपुढे ऊन अडवायला उभ्या पट्ट्या, आणि दोन्ही कडांना उंच, मध्ये खोल असं छप्पर. ते म्हणजे उघडलेलं पुस्तक, असं आर्किटेक्टचं म्हणणं. मिस्तरीने नकाशा उलटा धरला, असं गावाचं.

त्या कामावर नाना ओव्हरसिअर होते. स्लॅब पडल्यावर तीन आठवडे त्यांनी गोणपाटं ओली ठेवली. तेवढी काळजी त्यांनी घरच्या आजारपणातही कुणाची घेतली नाही, असं त्यांच्याच घरचे सांगत. उरलेली सगळी नोकरी मोऱ्या आणि गटारं बांधण्यात गेली. आपण बांधलं असं म्हणून बोट दाखवावं, असं हे एकच छप्पर. रिटायर झाल्यावर ते रोज सकाळी वाचनालयात येत आणि पेपर उघडण्याआधी वर बघून घेत.

तर पालिकेने ही इमारत पाडून तिथे व्यापारी संकुल बांधायचं ठरवलं. खाली दुकानं, तिसऱ्या मजल्यावर वाचनालय, लिफ्टचं नंतर बघू. पावसाळ्याआधी जागा मोकळी हवी, म्हणून पाडकाम एप्रिलमध्ये. नानांनी लगेच बचाव समिती काढली. तिच्यात ते, कॉलेजात मराठी शिकवणारा मी, आणि एक होमिओपॅथ. हे गृहस्थ सभेत थोडं थोडं आणि बऱ्याच अंतराने बोलत.

आम्ही आर्किटेक्टला पत्र पाठवलं. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, दोन ओळींचं: ती इमारत अजून उभी आहे हे वाचून त्यांना आश्चर्य वाटलं होतं. नानांनी ही आपल्या देखरेखीची स्तुती मानली आणि कार्ड निवेदनाला जोडलं.

निवेदनात काय असू नये, हेही नानांनी बजावलं होतं. "बिबड्यांचं एक अक्षर नको." आमच्याकडे उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजवून जुन्या साडीवर त्याचे पापडासारखे बिबडे थापतात. ते वाळायला ऊन लागतं, आणि आमच्या उन्हाबरोबर धूळ घेऊन वारा येतो. उलट्या छपराच्या खोलगटात मात्र वारा पोचत नाही आणि दोन्ही बाजूंचं काँक्रीट भट्टीसारखं तापतं. एका दिवसात बिबडा खडखडीत. त्यामुळे तीन गल्ल्यांतल्या बायका दर उन्हाळ्यात बाहेरच्या जिन्याने वर जात. पाळ्यांची यादी त्यांची त्यांनीच केलेली. नाना वीस वर्षं त्यांच्याशी भांडत होते. "मी गावाला पुस्तक बांधून दिलं आणि ह्या त्यात बिबडे घालतात."

मुख्याधिकारी घाटावरून आलेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी निवेदन पूर्ण वाचलं.

"नाना, पारोळ्याचा किल्ला असता तर मी समजू शकलो असतो. ही इमारत माझ्यापेक्षा लहान आहे. मी वारसा नाही, मग ती कशी?"

"तुमचा स्लॅब कुणी टाकला ते मला माहीत नाही, साहेब," नाना म्हणाले. होमिओपॅथने खिडकीबाहेर पाहिलं.

पाडकामाच्या दिवशी ठेकेदार ट्रॅक्टर आणि घणवाले मजूर घेऊन दहाला आला. तो गावचाच होता. पण साहेबांनी काढलेली तारीख घरी विचारून घ्यावी, हे त्याला सुचलं नाही. पहाटेपासून वर बायका होत्या आणि कठड्यापाशी त्याचीच आई उभी होती. गाव तिला अक्का म्हणे.

"आई, खाले उतर. पालिकाना हुकूम शे."

"हुकूमले ऊन लागत नही. बिबडाले लागस."

"लोके दखी ऱ्हायनात, आई." त्याने खाली बघत उभ्या राहिलेल्या गर्दीकडे हात केला.

"दखू दे. तुना घरना बी त्यामाच शेतस. वाळू दे, मंग काय तोडनं ते तोडजो."

मजुरांनी घण खाली ठेवले आणि सावलीला बसले. साहेबांना बोलावणं गेलं. ते आले तेव्हा कुणीतरी त्यांच्या हातात गरम घाट्याची वाटी दिली, वर कच्चं तेल. खाऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, हे किती दिवस चालणार? अक्काने यादी पुढे केली. शेवटची पाळी मेअखेरची होती.

नाना माझ्याशेजारी उभे होते. चेहरा असा, की मुलगा पास झालाय पण कॉपी करून. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः वर गेले आणि मधल्या पन्हाळीतून बिबड्यांची साडी बाजूला घ्यायला सांगून आले. पन्हाळ तुंबली तर स्लॅब खराब होतो, एवढंच म्हणाले.

मेनंतर पाऊस आला. पावसात पाडायला ठेकेदार तयार नव्हता. मग ते साहेब बदलून गेले, मग काही वर्षांनी निवडणूक झाली आणि नव्या बोर्डात प्रथमच बऱ्याच बायका निवडून आल्या. त्यांतल्या तिघींची त्या छपरावर पाळी होती. संकुलाचा ठराव रद्द झाला. नव्या ठरावाची प्रत नानांनी दोनदा वाचली. तिच्यात वास्तुकला हा शब्द नव्हता. 'महिलांची सोय' हे शब्द होते. त्यांनी प्रत घडी करून खिशात ठेवली, वर पाहिलं आणि पेपर उघडला.

इमारतीवर पाटी लावायचं ठरलं तेव्हा पालिकेने मजकूर नानांकडेच मागितला. त्यांनी पानभर लिहून दिलं: बांधकामाची पद्धत, छपरावर किती भार चालेल, आर्किटेक्टचा उल्लेख, वर जाणाऱ्यांसाठी सूचना, सगळं. पेंटरकडे पत्रा होता दोन फुटांचा. पाटी अजून आहे. तिच्यावर लिहिलंय: 'छतावर चप्पल घालून चढू नये.'