न आलेला वास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि आपल्यापासून याचं काही लपत नाही, असा तिचा ठाम समज आहे. तुला का सांगतोय? तेही नीट ठाऊक नाही.

मी मूळचा संशयी. भाजीवाल्याने स्वस्त दिलं, तर मी पिशवी उलटी करून बघतो. देवाच्या प्रसादातही तुम्ही खडा शोधाल, असं बायको म्हणते. सौदीत, रास तनुराजवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि तिथे हा स्वभाव कामाला येतो. सुट्टीसाठी पाठ धरून आलेले मी दारातच ओळखतो.

डॅनी आला तो दुखरा खांदा घेऊन. इंग्रज, अंगाने कपाटाएवढा, इथल्या एका शाळेत खेळाचा कोच. त्याआधी उत्तर इंग्लंडात बरीच वर्षं पैसे घेऊन रग्बी खेळलेला — तेरा जणांची. पंधरा जणांची ती साहेबांच्या पोरांची, आमची खाणकामगारांची, हे तो दर वेळी बजावायचा. तो पहिल्या फळीतला. बॉल घेऊन समोरच्या माणसांच्या भिंतीत शिरायचं, पडायचं, उठायचं, पुन्हा शिरायचं.

एकदा त्याने हसत हसत एक गंमत सांगितली. सीझन सुरू होताना डॉक्टर खेळाडूंची स्मरणशक्ती तपासून ठेवत. डॅनी तेव्हा मुद्दाम चुकायचा. म्हणजे पुढे डोक्याला मार बसून खरंच चुकलं, तरी डॉक्टरला फरक दिसू नये आणि पुढची मॅच बुडू नये. मीही हसलो. तिथेच माझे कान टवकारायला हवे होते — नाही का?

पुढे तो भलत्याच दिवशी यायला लागला. शब्द अडायचे, तोल जायचा, उगाच चिडायचा. माझ्या मनात पाल चुकचुकली — पण कसली? दारूची. इथे बंदी, तरी परदेशी लोकांच्या कंपाउंडातले काही गोरे घरी गाळतात, हे सगळ्यांना माहीत. मुलीला शब्द दिल्यापासून आपण थेंबही घेतलेला नाही, असं तो सांगायचा. मला वाटायचं, न विचारता कशाला सांगतोस? मग खांदा हलवायच्या निमित्ताने मी वाकून त्याच्या तोंडाचा वास घ्यायचो. चहा, पेपरमिंट, कधी लसूण. दारू कधीच नाही.

एक दिवस तो शाळेच्या मैदानावर धडपडला आणि उठून एका पालकावर असंबद्ध ओरडला. दुसऱ्या दिवशी शाळेचा मॅनेजर माझ्याकडे आला. हा इतके महिने तुमच्याकडे येतोय, तुमच्या काहीच लक्षात आलं नाही का, त्याने विचारलं.

तेव्हाच — अगदी तेव्हाच — मला सगळं लख्ख दिसलं. डोक्याला बसलेले मार, ती फसवलेली चाचणी, विसरणं, तोल. मेंदूच्या डॉक्टरकडे मी त्याला कधीच पाठवायला हवं होतं. पण आता तसं म्हटलं, तर पुढचा प्रश्न मलाच येणार. चौकशी, लायसन्स, मग इकामा, म्हणजे इथं राहायचा परवानाच. मॅनेजर एकटक बघत होता, आणि याला माझी चूक कळलीय असं मला वाटायला लागलं. चोराच्या मनात चांदणं.

मी म्हणालो, "त्याच्या तोंडाला वास यायचा."

शाळेने पोलिसांना कळवलं नाही, नुसता व्हिसा रद्द करून त्याला परत पाठवायचं ठरवलं. केवढे उपकार, असं सगळे म्हणाले. मेंदूची तपासणी कुणी केली नाही. दारुड्याची कशाला करतील?

जाण्याआधी तो मला भेटायला आला. भांडायलाच आला असणार, म्हणून मी खोलीचं दार उघडं ठेवलं. तो स्टुलावर बसला.

"डॉक, प्यायल्याचं मला आठवत नाही," तो म्हणाला. "पण हल्ली बरंच काही आठवत नाही. तुला वास आला, म्हणजे मी प्यायलोच असणार ना? मुलीला मला खरं ते सांगायचंय."

अजूनही वेळ गेली नव्हती. ‘नाही’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"हो," मी म्हणालो. "प्यायला होतास."

त्याने मान डोलावली, माझे आभार मानले आणि दारातूनच मुलीला फोन लावला.